तळ्याकाठची राखण

"सगळे सामान टाकून पोहायला जातात? नक्की काहीतरी गोम आहे," म्हणत ह्यांनी आमच्या पिशव्या मांडीखाली ओढल्या.

स्वित्झर्लंडमधल्या त्या निळ्याशार तळ्याकाठी आमचा चौथा दिवस होता. गवतावर लोकांचे मोबाइल, घड्याळं, पर्स तशाच पडलेल्या. सांगलीला भर पुरात कृष्णेत उडी मारणारा माझा नवरा मात्र अजून कोरडाच! आम्हा दोघांचे पासपोर्ट ठेवलेला बटवा तर झोपतानाही ह्यांच्या गळ्यात. मी रोज हसायचे.

तेवढ्यात तिथलीच एक म्हातारी आली. तिनं आपली पिशवी ह्यांच्याजवळ ठेवली, बोटातली अंगठी काढून तीत टाकली आणि ह्यांच्याकडे बघून हसत पाण्यात शिरली.

"हिचं काही गेलं तर आळ आपल्यावर!" हे पुटपुटले. अर्धा तास त्यांनी त्या पिशवीवरची नजर काढली नाही.

म्हातारी परतली. पिशवी न तपासताच तिनं अंगठी घातली आणि ह्यांच्या हातावर मूठभर चेरी ठेवल्या.

ह्यांनी एक चेरी तोंडात टाकली. मग गळ्यातला बटवा काढून त्यांनी तिच्याजवळ ठेवला आणि धावत जाऊन सूर मारला.

"ये की गं, पाणी मस्त आहे!"

"आलेच," म्हणाले मी, आणि सरकून त्या बटव्याला लागून बसले.