पट्ट्याचा भुगा

"दाजी, ही मिनीबाइक पूर्वी सुसाट पळायची, आता पार गोगलगाय झालीये," मिस्त्रींचा मेहुणा म्हणाला.

"चाक फिरवणारा रबरी पट्टा झिजला असणार." मिस्त्रींनी कव्हर काढलं आणि सवयीनं आतला भुगा तोंडानंच फुंकला.

रबराचा भुगा काळा असतो. हा पांढरट होता, कोंड्यासारखा, आणि उडून ओठांना चिकटला. चव खारट होती.

"शी! काय मेलंय आत?" थुंकत त्यांनी पट्टा ओढून काढला. तो कोमट, घामेजलेला होता आणि त्याच्या कडांना बारीक लव फुटली होती. त्यांनी तो दाराबाहेर भिरकावला, साबणानं खसाखसा हात धुतले आणि खोकं फोडून कोरा पट्टा काढला.

तो काळा, गुळगुळीत होता. मिस्त्रींना हायसं वाटलं. त्यांनी त्याच्यावरून ओला, गार अंगठा फिरवला, तसा पट्ट्यावर सर्रकन काटा आला.