गच्चीवरचा फोटो

नेपच्यून मागे पडला की यानाचा कॅमेरा शेवटचा एकदाच पृथ्वीकडे वळणार होता. "सकाळी दहाला गच्चीवर उभे राहा, तुमचा फोटो काढते," असं यानातल्या सुनेत्राने देवरुखला घरी गमतीने कळवलं होतं. देवरुखचा उजेड यानापर्यंत पोचायला चार तास लागत, तेही तिने धरलं होतं.

फोटो आला तो नुसता काळोख. धुळीचे कण पुसता पुसता संगणकाने पृथ्वीही पुसून टाकली होती. तिने मूळ फोटो उघडून तो ठिपका शोधून काढला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता.

तेवढ्यात आईचा निरोप आला. "अगं, काकांकडचेही सगळे आलेत. मी शालू नेसलेय. बाबांना खुर्चीसकट वर आणलं. दहा मिनिटं कुणी हललं नाही बघ. नीट आलोय ना?"

सुनेत्राने तो ठिपका जमेल तेवढा मोठा करून पाहिला. मग तिने निरोप धाडला, "झकास आलात सगळे. बाबांनी तेवढे डोळे मिटलेत."

आठ तासांनी उत्तर आलं, तेव्हा कॅमेरा कधीचाच पुढच्या काळोखाकडे वळला होता.

"म्हटलंच मी! दर फोटोत हेच त्यांचं. आता पुढच्या वेळी चिमटाच काढते. कधी उभं राहायचं, तेवढं सांग."