फ्रिजची जागा

भांडारपालाने हातोडा आणला होता, सोबत रजिस्टरही. आधी रजिस्टर उघडलं.

"हा फ्रिज दोन वर्षांपूर्वी मोडीत निघालाय," तो म्हणाला. "बाजूला व्हा."

बुरशीबाई फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. संशोधन संस्थेत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, हल्ली तोंडावरसुद्धा.

"मोडीत निघाला म्हणूनच मला मिळाला. उबवणपेटी मागून तीन वर्षं झाली, खरेदी समिती अजून तिचा रंग ठरवतेय. यात उबेसाठी दिवे आणि पंखा मी नि वायरमनने बसवलेत. आत पन्नास अंशांवर बुरशी प्लास्टिक खातेय. सात महिने झाले, नऊ दिवस राहिलेत. वीज तोडलीत तर सगळं पहिल्यापासून."

"आत काही नाही."

"उघडून दाखवू?"

"कशाला? जो फ्रिज अस्तित्वातच नाही, त्याच्या आत काय असणार? मला नियम शिकवू नका, बाई. मी इथे तुमच्या आधीपासून आहे."

"दिसतंच आहे. तुम्हालाही कुणीतरी मोडीत काढायला विसरलंय."

तेवढ्यात संचालक आले. अंगात नवा कोट, मागे कागदात गुंडाळलेली भलीमोठी चौकट धरून दोन शिपाई. चार वाजता मूल्यांकन समिती यायची होती. संस्थेतलं वातावरण किती नवोन्मेषी, किती चैतन्यशील, ते ती शंभरपैकी सांगणार होती.

"सर, तुम्हीच सांगा यांना," बुरशीबाई म्हणाल्या. "संस्थेच्या अहवालात पहिल्या पानावर माझंच काम आहे ना?"

"आहे तर! मुखपृष्ठावर फोटोसुद्धा आहे." संचालकांनी घड्याळ पाहिलं. "पण समितीच्या वाटेत हे भंगार? गुण कापतील, बाई."

"सर, फोटोत आहे तो हाच फ्रिज."

"हो, पण फोटो छापून झालाय," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग आता अडलंय कुठे?"

भांडारपालाने प्लग उपटला. दाराच्या फटीतला पिवळा उजेड गेला. पंखा थोडा वेळ नुसताच फिरला नि थांबला. हातोड्याची गरज पडली नाही. शिपायांनी चौकट भिंतीला टेकवली आणि फ्रिज उचलून जिन्याखाली नेला. आतल्या बरण्या वाजत गेल्या.

मग त्याच जागी, त्याच भिंतीवर चौकट चढली. कागद फाडल्यावर दिसला फ्रिजचा फोटो. अगदी फ्रिजएवढाच. दार उघडं, आत पिवळा उजेड, बरण्यांची रांग. खाली सोनेरी अक्षरं: 'इथे कल्पनांना ऊब मिळते.'

बुरशीबाई पुढे झाल्या. फोटोतल्या पहिल्या बरणीवर त्यांच्याच अक्षरातली तारीख होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हात लावू नका," भांडारपाल रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला. "याची नोंद आहे."