मास्तरांची लाथ

"आणखी एकदा मारतो," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कयाकमध्ये बसले.

जावयाने नाव दोन्ही हातांनी धरून ठेवली. सकाळपासून हेच चाललं होतं, आणि सासऱ्यापुढे बोलून उपयोग नसतो हे त्याला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

समुद्रात न्यायच्या या लांबट, अरुंद नावेच्या पोटात एक आडवी भिंत असते. कागदोपत्री तिला बल्कहेड म्हणायचे, कारखान्यात नुसती भिंत. तिच्या पुढे हवेचा बंद कप्पा, अलीकडे वल्हवणाऱ्याचे पाय. पाय टेकायचं फुटरेस्टही इथे त्या भिंतीवरच बसवलेलं असे. लाटा उसळल्या की माणूस सगळा जोर तिथूनच घेतो. भिंत सुटली तर पाय अधांतरी राहतात, पुढचा कप्पा पाण्याने भरतो आणि नाव नाकावर बुडते. म्हणून मास्तरांनी दोन्ही पायांनी लाथ घातल्याशिवाय एकही नाव दाराबाहेर पडत नसे. दुसऱ्या कुणाची लाथ त्यांना चालायची नाही. "या गुदगुल्या झाल्या," असं म्हणून ते स्वतःच बसायचे.

आताही त्यांनी पाठ टेकवली, डोळे मिटले आणि दातओठ खाऊन जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. भिंत तसूभरही हलली नाही.

"झालं समाधान?" जावयाने विचारलं.

"तुमचं झालं असेल."

भांडण गोंदाचं होतं. हिवाळ्यात मास्तर तापाने अंथरुणाला खिळले होते, तेवढ्यात जावयाने वर्षानुवर्षांचा गोंद बदलून टाकला. न विचारता. नवा लवकर वाळतो, वास मारत नाही, हाताची सालं काढत नाही, असं त्याचं म्हणणं. मास्तर कामावर परतले ते कंबर कसूनच. जुन्या गोंदाच्या काळातसुद्धा एखादी भिंत त्यांच्या लाथेने कडकन सुटायची. मग ती काढून नव्याने बसवायची. नव्या गोंदाची मात्र एकही सुटेना. मास्तर इरेला पेटले. जिथे एक लाथ पुरायची तिथे चार-चार घालू लागले. घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. जेवून उठताना टेबल धरावं लागायचं.

"राग जावयाचा, मार नावांना आणि शिक्षा तुमच्या गुडघ्यांना," बायको म्हणायची.

मास्तर हसण्यावारी न्यायचे. दिवसभर लाथा झाडणारा माणूस थकणारच, त्यात नवल काय?

आज मात्र गंमत नव्हती. नव्या घडणीची नाव गिऱ्हाइकाला देण्याआधी घरच्या माणसाने ती एकट्याने दीपगृहाच्या बेटापर्यंत न्यायची, हा कारखान्याचा रिवाज. आजवर मास्तर जात आले होते. या वेळी लेक जाणार होती.

ती आली तीच जॅकेटचे पट्टे आवळत. "बाबा, आता वारा पडलाय. दुपारी उठेल, तोवर मी खाडीबाहेर असेन. तुम्ही नको म्हणालात तर राहू देते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. नको म्हणावंसं फार वाटत होतं. पण कारण काय सांगणार? जावयाचा गोंद आवडत नाही, हे कारण लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

"जा," ते म्हणाले. "जीव तोडून लाथा घातल्यात. काही सुटत नाही."

"मग मी बिनघोर जाते."

जावयाने हात पुढे केला. एरवी मास्तरांनी तो झिडकारला असता. आज त्यांनी तो धरला, दुसरा हात नावेच्या काठावर रोवला आणि कसेबसे बाहेर आले.

"हरलो मी, जावईबापू," ते म्हणाले. "गोंद पक्का आहे तुमचा. उगाच छळलं तुम्हाला."

जावयाने त्यांचा हात सोडला नाही. "बाबा, मला कुठे जिंकायचं होतं? ही जाणार म्हटल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. गोंदाचं मला काय कळतं? डब्यावर लिहिलेलं तेवढं वाचलं. तुमची लाथ झाली, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला."

तिघांनी मिळून नाव पाण्यापर्यंत नेली. लेकीने वल्हं उचललं, मागे वळून दोघांकडे पाहत हसली आणि निघाली. पाणी शांत होतं. तिला जोर लावावाच लागत नव्हता, नाव आपली सरकत होती. तिचा ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत सासरा-जावई काठावर उभे होते. इतके महिने दोघं शेजारी असे उभे राहिले नव्हते.

कारखान्यात परतल्यावर मास्तर स्टुलावर बसले ते जणू कायमचेच. जावई बसायला जागा शोधत होता.

"तिच्या जोडीच्या नावेत बसा," मास्तर म्हणाले. "पाठ टेकायला तेवढीच सोय आहे इथे. तीही लाथ खाऊन पास झालीय."

दोन्ही नावा एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या गोंदाने चिकटवलेल्या. जावई आत शिरला, पाय लांब करून भिंतीला टेकवले आणि त्याच्या खांद्यांवरचा भार उतरला. त्याचं हे हलकं होणं बघून मास्तरांना बरं वाटलं. खूप दिवसांनी त्यांना हा मुलगा आपला वाटला.

"संध्याकाळी दोघंही घरीच या जेवायला," ते म्हणाले. "ती परतली की सरळ तिकडेच."

"येतो की," जावई म्हणाला. बाहेर वारा उठू लागला होता. त्याने मोठी जांभई दिली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि अंग ताणलं.

नावेच्या पोटात कडकन आवाज झाला आणि त्याचे पाय हातभर पुढे गेले.

"बाबा," तो म्हणाला, "मी नुसता आळस दिला."