खिडकीतला फोन

“दिपाली, वाजला काय वं?” ओसरीतून मधुकररावांनी चौथ्यांदा विचारलं.

“नाई बाबा, नाई वाजला,” मागच्या खोलीतून दिपालीनं सांगितलं.

मधुकरराव इस्त्रीचा सदरा घालून सकाळी दहापासून बसले होते. दिपालीला पाहून गेलेल्या मुलाच्या वडिलांनी, हिंगणघाटच्या अण्णाजींनी कळवलं होतं, रविवारी दहा ते बारा फोन करतो, तुमचा होकार कळवा, लगेच सुपारी फोडू. मुलगा नोकरीवाला, घर खातंपितं. सिंदीत असं स्थळ काही रोज चालून येत नाही. दोन हजार सहा साल ते. घरात मोबाइल एकच, आणि त्या शहाण्याला रेंज मिळायची ती फक्त मागच्या खोलीच्या खिडकीत. म्हणून तो देवासारखा तिथंच बसवलेला असे.

बाराला नीलेश, दिपालीचा मोठा भाऊ, दळणाचा डबा घेऊन आला. गेला होता साडेनऊला. पण लोडशेडिंगनं चक्की बंद पडली आणि तो तिथंच अडकला. डबा ठेवून तो मागच्या खोलीत शिरला. दिपाली नुकतीच स्वयंपाकघरात गेली होती. खिडकीतल्या फोनला वायर लागलेली. वायरीचं दुसरं टोक त्याच्या लॅपटॉपमध्ये. नेट सुरू!

सकाळी पाच मिनिटं म्हणून त्यानंच ते जोडलं होतं. मित्राचा जुना लॅपटॉप, बाबांचा फोन, मधे हातभर वायर. एक मेल उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. पण आज उघडलेली मेल काय साधी होती! पुण्याच्या कंपनीनं गुरुवारी मुलाखतीला बोलावलं होतं. त्या आनंदात असतानाच आईनं डबा हातात दिला आणि स्वारी निघाली. वायर काढली होती की नाही? काढली असती तर अशी लागलेली कशी राहिली असती? आणि नेट सुरू असलं की त्या फोनवर कुणाचाच फोन लागत नसे. समोरच्याला नुसतं ‘व्यस्त आहे’ ऐकू येई.

त्यानं गुपचूप वायर उपसली आणि लॅपटॉप मिटला.

साडेबाराला मधुकररावांनी स्वतःच खिडकीशी येऊन फोन लावला. अण्णाजींचा आवाज खोलीभर ऐकू आला. “दोन घंटे तुमचा फोन बिझी, मधुकरराव. दुसऱ्या पार्टीसंगं बोलणी चालू होती ना? आमाले बी समजते. आमी वडनेरवाल्यायले शब्द देऊन टाकला.” मधुकरराव “अहो, ऐका तं” म्हणत राहिले, तोवर तिकडून फोन बंद झाला. मग त्यांनी मोबाइल कंपनीला, तिच्या टॉवरला आणि टॉवर उभारणाऱ्याला पोटभर शिव्या घातल्या. नीलेश शेजारीच उभा होता.

गुरुवारी तो पुण्याला गेला नाही. बहिणीचं जमत आलेलं आपल्या हातानं मोडायचं, आणि कोणत्या तोंडानं नोकरीला निघायचं? मुलाखतीचं त्यानं घरात कुणाला कळूच दिलं नाही. लॅपटॉप मित्राला परत केला आणि बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला बसला. दिपालीचं एकेक स्थळ परत जाई तसा तो आतून जळत राही. तिच्याकडे मान वर करून बोलायची त्याची छाती होत नसे. एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षं!

शेवटी दिपालीचं लग्न ठरलं. ती पवनारच्या शाळेत शिकवत होती, तिथलाच धनंजय मास्तर तिनं पसंत केला. दारात मांडव चढला. नीलेश शिडीवरून आंब्याचे डहाळे बांधत होता आणि खालून ते हातात देता देता दिपाली गुणगुणत होती. ते ऐकून त्याला राहवेना. तो खाली उतरला.

“दिपा, मले माफ कर. ते हिंगणघाटचं स्थळ माह्यामुळं मोडलं. नेट चालू ठेवून मी चक्कीवर गेलतो, म्हणून अण्णाजीचा फोन नाई लागला. टॉवरचा काई दोष नव्हता.”

दिपालीचा चेहरा उतरला. ती शिडीच्या पायरीवरच बसली.

“दादा, तीन वर्सं तू हे मनात घेऊन होता? अरे, तू तं वायर काढूनच गेलता. मी परत लावली. तू जोडताना पाह्यलं होतं, तेच बटन दाबलं.”

“काऊन?”

“त्या पोराले आन् मले दोन मिनिटं बोलायले सोडलं, तं त्यानं येवढंच इचारलं, डी.एड. सोडशीन ना? बाबाले नाई म्हणायची माही हिंमत नव्हती.” तिचे डोळे भरून आले. “बाबानं टॉवरले शिव्या देल्या, मले वाटलं निभलं. तुह्या जिवाले लागलं हे मले कसं कळन रे? त्याच्यापायी तुहं काई नुकसान तं नाई झालं ना? त्या दिवशी नेटवर काय पाहून राह्यलता तू?”

नीलेशला त्या मेलची ओळन् ओळ अजून पाठ होती. एकदा वाटलं, सांगूनच टाकावं. हिच्या एका बटनानं माझं पुणं गेलं, कळू दे हिला. पण चार दिवसांवर हिची हळद. आणि असली टोचणी उराशी घेऊन तीन वर्षं कशी काढावी लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो पुन्हा शिडी चढू लागला.

“काई नाई वं,” तो म्हणाला, “म्याचचा स्कोअर पाह्यलता. दे तो डहाळा.”