एक भोक आत

सरावाची फेरी संपवून मुलीने गाडी टेबलावर ठेवली. हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी. चाकांना शर्यतीच्या ट्रॅकवर अंथरलेल्या गालिच्याचे तंतू चिकटले होते.

"वळणावर मागून निसटतेय," ती म्हणाली. "बाबा, मागचे शॉकअप एक भोक आत घ्या ना."

बाप स्टुलावर बसला होता. त्याने बारीक पाना उचलला. गाडीच्या मागच्या उभ्या पट्टीत दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं होती. शॉकअपचं वरचं टोक त्यांतल्या एकात बसायचं. आतल्या भोकात घेतलं की मागची बाजू मऊ होते, चाकं जमीन धरून राहतात. बाहेरच्या भोकात ती ताठ होते. डावं-उजवं मात्र सारखंच लागतं.

"भोकं दिसतायत ना, बाबा?" शेजारी उभ्या जावयाने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. "मागच्या वेळी चाकाचा नट राहिला होता. आपलं ठरलंय हं. आज काही चुकलं, की पाना माझ्याकडे."

"ठरलंय, जावईबापू. आधी चुकू तर द्या. आणि तोवर जरा उजेड सोडून उभे राहा."

जावई हसून बाजूला झाला. बापाने गाडी डोळ्यांजवळ आणली, मग हात लांब करून पाहिली. एका बाजूचा स्क्रू काढून बसवला. मग दुसऱ्या बाजूचा.

"घे. दोन्ही आत."

मुलीने गाडी उचलली. डावा शॉकअप आतल्या भोकात गेला होता. उजवा परत मधल्याच भोकात बसला होता. माइकवरून अंतिम फेरीच्या गाड्या बोलावत होते. एक स्क्रू बदलण्यापुरता वेळ होता. जावई टेबलाला रेलून तिच्याकडेच बघत होता.

"मस्त बसलेत," ती म्हणाली आणि गाडी घेऊन गेली.

उजव्या वळणांवर गाडी जमिनीला चिकटून वळली. डाव्या वळणांवर पहिल्यासारखीच मागून निसटली. मग प्रत्येक डाव्या वळणाआधी मुलगी वेग कमी करू लागली, आणि तिथेच एकेक जण तिला मागे टाकत गेला. सगळ्यांच्या पुढे उभी राहून सुटलेली गाडी चौथी आली.

"नुसतं डावीकडेच कसं काय?" जावयाने विचारलं. "उजवीकडे तर झकास चालली होती."

"माझा अंगठा. डावीकडे वळवताना घाई करत होता."

"सरावात तर नव्हता करत."

"सांगितलं ना, माझं चुकलं."

बापाने गाडीची मागची बाजू स्वतःकडे वळवली. चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटून घेतले. बोटाचं नख पट्टीच्या कडेवरून आत नेलं. डावीकडे नख दोन रिकाम्या भोकांत अडकलं आणि मग स्क्रूला लागलं. उजवीकडे एकाच भोकात अडकलं. उजवी बाजू त्याने पुन्हा एकदा तपासली.

मुलगी रिमोटमधली बॅटरी काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्याने पाना शर्टाला पुसला आणि पान्याची मूठ जावयाकडे करून त्याच्यासमोर धरला.

"पण बाबा, तुमचं कुठे काय चुकलं? ती म्हणतेय ना, तिचा अंगठा…"

"घ्या," बाप म्हणाला. "तिचा अंगठा कधी घाई करत नाही."