सवयीचे हात

प्रसूतिकक्षाच्या दारातच शिकवणाऱ्या मॅडमनी विद्यार्थिनीला थांबवलं. "आज बाळाची पाठ चोळायची नाही. पुसायचं, दुपट्यात गुंडाळायचं, आईच्या हातात द्यायचं. कळलं?"

"हो मॅडम."

न कळण्यासारखं काही नव्हतं. पोटातल्या बाळाचे ठोके काल सकाळीच थांबले होते, आणि आत टेबलावरच्या बाईलाही ते ठाऊक होतं. वॉर्डात सहा वर्षं नर्स म्हणून काढून ही विद्यार्थिनी मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपणं करण्याची, वरची पदवी घ्यायला आली होती. मॅडमच्या हाताखाली तिने त्रेपन्न बाळंतपणं केली होती आणि त्रेपन्नच्या त्रेपन्न बाळं टाहो फोडून रडली होती. आजवर नशीबवानच म्हणायची.

दोन कळांमधल्या उसंतीत त्या बाईने एकच गोष्ट मागितली. "मला आशा तेवढी लावू नका. कालपासून घरचे तेच करतायत. सासूबाई म्हणतात, मशीन बिघडलं असेल. हे म्हणतात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तुम्ही तरी नका."

"नाही लावणार, ताई," विद्यार्थिनी म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

दुपारी पावणेतीनला बाळ झालं. मुलगी. दाट जावळ, नखं वाढलेली, सगळं जिथल्या तिथे. विद्यार्थिनीने तिला टॉवेलवर घेतलं, पुसलं, आणि पुसता पुसता तिचे हात पुढे गेले. न रडणाऱ्या बाळाला रडवायला चोळतात तशी पाठ चोळली, वरखाली, वरखाली. तळपायांवर दोन टिचक्या मारल्या. पुन्हा पाठ. हात काही डोक्याला विचारायला थांबत नाहीत.

"अगं!" मॅडम ओरडल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आई कोपरांवर रेलून उठली होती. चेहरा उजळला होता. "हलली का? हलली ना?"

विद्यार्थिनीने हात मागे घेतले. "नाही हो ताई. माझंच चुकलं. सवयीने..." कुणी मुस्काटात मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

आई हळूहळू मागे टेकली. मॅडमनी बाळाला घ्यायला हात पुढे केले. त्या चिडल्या होत्या आणि रडवेल्याही झाल्या होत्या.

"त्यांना ओरडू नका," आई म्हणाली. "कालपासून सगळे मलाच समजावतायत. माझ्या लेकीसाठी कुणी काही केलं ते आत्ताच." तिने हात पसरले. "ती नाहीये, कळतंय मला. तरी द्या इकडे. आणि कसं चोळता ते दाखवा."

विद्यार्थिनीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली.

तिने बाळ आईच्या छातीवर पालथं ठेवलं आणि आईचा हात धरून त्याच्या पाठीवर नेला. "असं. मानेपासून खाली. जोर नाही लावायचा."

"असं?"

"हो. बरोबर."

दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "रडलं का गं बाळ?"

आईने लेकीच्या जावळावर ओठ टेकवले. हात चालूच होता.

"झोपाळू," ती म्हणाली. "अगदी बापासारखी."